तिकडची सातवी ब

आमच्या सरांना वर्गात मोकळ्या हातांनी येताना मी कधी पाहिलं नाही. इतर शिक्षकांच्या हातात खडू, डस्टर आणि छडी असायची. सरांच्या काखेत स्टूल असायचं. चहाच्या टपरीवर असतं तसलं, लाकडी, चौकोनी, वर कपबशांचे गोल डाग पडलेलं. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्या पायाखाली ठेवायची पुठ्ठ्याची घडी सरांच्या कोटाच्या खिशात असे. आधी स्टूल खिडकीपाशी ठेवायचं, मग वाकून पुठ्ठा सरकवायचा, तळहाताने दाबून हलत नाही ना ते बघायचं, आणि मगच हजेरी. ते वर्गातच का ठेवत नाही असं कुणी विचारलं तर सांगत, की शिपाई त्यावर चढून घड्याळाला किल्ली देतो, आणि ज्यावर माणसाने बसून बोलायचं त्यावर कुणी चपला घालून चढलेलं त्यांना खपत नाही.

ही सत्तरच्या दशकातली, नाशिकरोडची गोष्ट. माझे वडील नोटांच्या छापखान्यात होते आणि आम्ही जेलरोडच्या बाजूला एका कॉलनीत राहत होतो. शाळेत सातवीच्या दोन तुकड्या होत्या. अ तुकडीत हुशार मुलं, नवी बाकं आणि पंखा. ब तुकडीत आम्ही. आमची निम्मी बाकं मोडकी होती, चौघं बसली की मधली दोघं खाली जायची. मी मॉनिटर होते, कारण माझा आवाज मोठा होता. दुसरं काही कारण नव्हतं.

स्टुलाचं काम एकच. धडा संपला की त्यावर एका मुलाने बसायचं आणि तोच धडा पलीकडच्या बाजूने सांगायचा. आपण गड जिंकला असेल तर ज्याचा गड गेला त्याने बोलायचं. सुरुवात 'आमच्या गावात' अशीच झाली पाहिजे हा नियम, कारण सरांचं म्हणणं असं, की शत्रूलाही गाव असतं हे पुस्तक लिहिणारे हमखास विसरतात. बोलणारा बोलत असेपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर वर्गाने त्याला प्रश्न विचारायचे. आणि स्टुलावर बसलेल्याला मुकाट बसवून ठेवायचं नाही; तो पाहुणा, त्याला बोलतं करायचं काम मॉनिटरचं. मी उभी राहून म्हणायची, "सुरुवात 'आमच्या गावात'ने करायची." मग सर स्वतःच्या खुर्चीतून उठायचे आणि स्टूल रिकामं होईपर्यंत उभे राहायचे. त्यांच्या गुडघ्यात संधिवात होता, तरी उभे राहायचे.

"तिकडेही एक सातवी ब असते" हे त्यांचं पालुपद होतं. धड्यात आपला विजय झाला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या की ते टाळ्या पुऱ्या होऊ द्यायचे. स्वतःही वाजवायचे, आणि आमच्यापेक्षा जास्त वेळ. मग खडू खाली ठेवून विचारायचे, की तिकडच्या सातवी बला आज काय शिकवलं असेल. आपली बाजू त्यांच्याइतकी रंगवून सांगणारा माणूस मी पुढे कॉलेजातही पाहिला नाही. गडावरून दोर सोडायचा प्रसंग आला की ते खरोखर घामाघूम होत. म्हणून तर त्यांच्यावर पुढे जे किटाळ आलं ते मला अजून पटत नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायचं अशी त्यांची सक्त ताकीद होती. मार्क पुस्तकाला असतात, असं ते सांगत, आणि आमचे मार्क खरंच चांगले यायचे.

सर एकटे होते. एका खोलीत राहत आणि खोलीत दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत इतिहासाची पुस्तकं. पुस्तकं म्हणजे ग्रंथ नव्हेत, शाळेची क्रमिक पुस्तकं, मिळतील त्या सगळ्या मुलखांची. महिन्यातला एक रविवार ते मनमाडला घालवायचे. जंक्शनवर पंजाबच्या, बंगालच्या, दक्षिणेच्या अशा सगळीकडच्या गाड्या थांबतात. पिंपळगाव बसवंतला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा द्राक्षांचा मळा होता, तो हंगामात करंडी पाठवायचा. हंगाम नसला की चिवड्याच्या पुड्या. सर प्लॅटफॉर्मवर फिरत मुलाबाळांची कुटुंबं हेरत आणि खिडकीपाशी जाऊन आपल्या खास हिंदीत विचारत, "बच्चे का इतिहास का पुस्तक है क्या? बदली में अंगूर देता." पुष्कळदा लोक खिडकी लावून घेत. एकदा तर मुलं पळवणारा म्हणून रेल्वेच्या पोलिसाने त्यांना चौकीवर नेलं. तासाभराने सर बाहेर आले ते हवालदाराच्या भाच्याचं हैदराबादकडचं पुस्तक मिळवून देण्याचं वचन घेऊनच.

अशा पुस्तकांतलं एक बंगालीतलं होतं. ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका बंगाली बाईंकडून सरांनी ते वाचून घेतलं आणि आम्हाला येऊन सांगितलं, की तिकडच्या आया मुलांना झोपवताना आपल्या मराठा घोडेस्वारांची भीती घालतात. आम्ही फार दुखावलो. आपल्या घोडेस्वारांना बघून जग खूश होत असणार अशी आमची समजूत होती.

पण त्या ट्रंकेतलं सगळ्यांत लाडकं पुस्तक सीमेपलीकडचं होतं. बोटीवर काम करणारा एक खानसामा सुट्टीवर गावी चालला होता. कराचीच्या कुठल्या सोबत्याकडून आलेलं सातवीचं पुस्तक त्याने मसाल्याच्या पुड्या बांधायला ठेवलं होतं आणि अर्ध्याअधिक पानांच्या पुड्या झालेल्या होत्या. उरलेल्यासाठी सरांनी अख्खी करंडी दिली, वर अंगातला स्वेटर काढून दिला. पुस्तक उर्दूत. मग देवळाली गावातल्या एका शिंपीचाचांकडे सर कितीतरी रविवार जाऊन बसले. चाचा मशीन चालवता चालवता वाचत आणि सर वहीत उतरवून घेत. मराठ्यांच्या ज्या धड्याला आपल्या पुस्तकात अकरा पानं आहेत, त्याला तिकडे चार ओळी होत्या. आपल्याला लुटारू म्हटलं होतं याचं सरांना काही वाटलं नाही, पण चार ओळींत आटोपलं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर येईल त्याला ते चार बोटं दाखवत होते.

माझी आणि त्या स्टुलाची खरी ओळख पेशवाईच्या धड्याला झाली. पुस्तकात वाडे होते, मेजवान्या होत्या, दानदक्षिणा होती. धडा संपल्यावर सरांनी विचारलं, कोण बसणार. एरवी ते नाव घ्यायचे. त्या दिवशी घेतलं नाही आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आपण होऊन उठले. आमच्या घराने धम्म स्वीकारून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. त्याआधीच्या गोष्टी आजोबा सांगत, पण घरात सांगत, बाहेर नाही. मी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आमच्या गावात आमचं घर गावात नव्हतं." पुढचं सगळं आता आठवत नाही. विहिरीचं बोलले, वाटेवरून चालण्याचं बोलले. शेजारच्या अ तुकडीतला पंखा ऐकू येत होता. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यात कधी हात न घालणाऱ्या एका मुलीने न विचारता माझ्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला आणि चटणी तिखट आहे म्हणून मलाच रागावली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की घरी जाईपर्यंत मी पळत होते. इतिहासात आपणही आहोत, फक्त छापायचं राहून गेलंय, हे मला त्या स्टुलावर कळलं.

सर अडचणीत आले ते मात्र माझ्यामुळे नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

एकाहत्तरचं युद्ध होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. शाळेच्या खिडक्यांच्या काचांना तेव्हा चिकटवलेल्या काळ्या कागदाचे तुकडे अजून होते. मधल्या सुट्टीत मुलं लढाई खेळत. अडचण एवढीच, की शत्रू व्हायला कुणी तयार नसे. म्हणून पाचवीतली बारकी पोरं धरून आणायची, त्यांना शत्रू करायचं आणि बडवायचं. सरांनी हे एकदा व्हरांड्यातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी धडा नाही, पुस्तक नाही. त्यांनी स्टूल ठेवलं, पुठ्ठा सरकवला आणि सगळ्यांत जोरात बडवणाऱ्याला बोलावलं.

तो एका सुभेदारांचा मुलगा होता. सुभेदार तोफखान्यातले, युद्धावर जाऊन आलेले, नुकतेच निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात राहायला लागलेले. सरांनी त्या मुलाला सीमेपलीकडच्या सातवीतल्या मुलाचं बोलायला लावलं. पोरगं आधी रडकुंडीला आलं, मग रंगात आलं, आणि घरी गेलं तरी रंगातच होतं. संध्याकाळी ताटावर बसल्यावर वडिलांनी विचारलं, आज शाळेत काय झालं, तर म्हणाला, "आमच्या गावात काल तोफेचा गोळा पडला. मास्तरांचं घर गेलं." सुभेदारांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ते मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे होते. आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही हेडसर म्हणायचो. माणूस सज्जन, पण भित्रा. त्यांनी सरांनाही तिथे बोलावून घेतलं होतं. मी खडूची पेटी आणायला गेले होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं. सुभेदार ओरडत नव्हते आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती.

"माझ्या शेजारी उभी असलेली पोरं तिथं गेली," ते म्हणाले. "आणि तुम्ही माझ्या पोराला त्यांना मारणाऱ्याच्या जागी बसवताय."

सरांनी तिथे बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं. त्यांनी काखेतलं स्टूल खाली ठेवलं, पुठ्ठा सरकवला आणि बसा म्हणून हात केला. त्यांच्या मनात तो मान देण्याचा प्रकार होता. सुभेदारांना ती थट्टा वाटली.

"त्या स्टुलावर मी जन्मात बसणार नाही," ते म्हणाले आणि निघून गेले. आठ दिवसांत त्यांची लेखी तक्रार शिक्षण खात्याच्या कचेरीत पोचली होती. शत्रूची बाजू शिकवणारा शिक्षक असा तिचा विषय होता.

कचेरीकडून तपासणीला साहेब येणार असं कळलं. शेरा वाईट आला तर सरांकडचा इतिहास काढून घ्यायचा आणि त्यांना शारीरिक शिक्षण आणि बागकाम द्यायचं असं संस्थेने ठरवून टाकलं. नोकरी जाणार नव्हती. पण त्या माणसाकडून इतिहास काढून घेणं म्हणजे काय, हे आम्हा पोरांनाही समजत होतं. हेडसरांना ते एवढंच म्हणाले होते, की मग मी शाळेत येऊन काय करू, लंगडीच्या रेषा आखू? हे शिपायाने ऐकलं आणि अर्थातच मधल्या सुट्टीपर्यंत सातवी बला ठाऊक झालं.

हेडसरांनी बिचाऱ्यांनी त्यांच्या परीने वाट काढली. तपासणीच्या दिवशी स्टुलावर एकही विद्यार्थी बसणार नाही, असं सरांकडून कबूल करून घेतलं. सर कबूल झाले. तपासणीच्या दिवशी ते काखेत स्टूल घेऊनच आले, तेव्हा हेडसरांचा चेहरा पडला. सर त्यांना हळूच म्हणाले, की बसवणार नाही असं कबूल केलं होतं, आणणार नाही असं नव्हे. स्टूल नेहमीच्या जागी, खिडकीपाशी ठेवलं. पुठ्ठा सरकवला. त्या दिवशी तो दोनदा सरकवला, म्हणजे सर घाबरलेले होते.

साहेब आले. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, आणि बोलणंही तसंच, इस्त्री केलेलं. मागोमाग हेडसर आणि दाराशी सुभेदार, त्यांना तक्रारदार म्हणून बोलावलेलं होतं. साहेबांसाठी हेडसरांच्या खोलीतून हातांची खुर्ची आणली होती, पण शिपायाने ती अशी ठेवली की तिथून मुलांची तोंडं दिसत होती आणि फळा दिसत नव्हता. साहेबांना फळाही बघायचा होता. त्यांनी वर्गात नजर फिरवली. खिडकीपाशी उजेड होता, तिथून दोन्ही दिसत होतं, आणि तिथे एक रिकामं स्टूल होतं. साहेब गेले आणि त्यावर बसले.

त्या दिवशी उजळणीसाठी धडा साल्हेरच्या लढाईचा होता. साल्हेर आमच्याच जिल्ह्यात, बागलाणात, आणि लढाई आपण जिंकलेली, त्यामुळे हेडसर जरा निवांत होते. सरांनी ती लढाई अशी काही उभी केली की मोगलांच्या छावणीतली धूळ आमच्या नाकात गेली. शेवटी टाळ्या पडल्या. सुभेदारांनीही वाजवल्या, मी बघितलं. सर थांबले. एरवी इथे पालुपद यायचं, त्याऐवजी ते खडू झटकत गप्प उभे राहिले, आणि मग खुर्चीत जाऊन बसले. त्यांना असं गप्प बसलेलं मला बघवेना.

आणि मी उठले. मी धाडस केलं असं सांगायला मला आवडेल, पण ते खरं नाही. धडा संपला होता, स्टुलावर माणूस होता, आणि माझे पाय वर्षभराच्या सवयीने उभे राहिले. तोंड उघडल्यावर लक्षात आलं, पण तोवर माझा तो मोठा आवाज निघून गेला होता.

"साहेब, सुरुवात 'आमच्या गावात'ने करायची."

हेडसरांनी टेबलाची कड धरली. साहेबांनी चष्मा काढला आणि हे काय आहे असं विचारलं. आता खाली बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी सगळा नियम सांगितला. स्टुलावर बसलेल्याने पलीकडची बाजू सांगायची, कुणी हसायचं नाही, नंतर वर्गाने प्रश्न विचारायचे. बोलताना माझे डोळे सरांवर होते. त्यांनी फक्त 'बस खाली' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. सरांनी तसं म्हटलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतून उठले आणि रोजच्यासारखे उभे राहिले. पाहुणा स्टुलावर होता.

साहेब म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे. मोगलांच्या बाजूने मी बोलणार नाही." कुणी हसलं नाही. तो नियमच होता. साठ मुलं त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती, आणि वाट पाहणाऱ्या साठ मुलांसमोर उठून जाणं कुणाही मोठ्या माणसाला जमत नाही.

"आमच्या गावात," साहेब म्हणाले. चष्मा पुसला. "आमचं गाव साल्हेरच्या पायथ्यालाच आहे."

मग ते बोलले. त्यांची आजी सांगायची, तिला तिच्या आजीने सांगितलेलं. डोंगराआडून धूळ दिसली की गुरं घळीत हाकायची. धान्याच्या पेवावर माती ओढून वर चूल मांडायची, म्हणजे खाली दाणे आहेत हे कळू नये. धूळ कोणाच्या घोड्यांची आहे हे बघायला कुणी थांबत नसे. एका वर्षी इकडची फौज गेली, एका वर्षी तिकडची. बोलता बोलता साहेबांची इस्त्री मोडून गावाकडची अहिराणी कधी सुरू झाली ते त्यांनाही कळलं नाही.

"मनी आजी सांगे," ते म्हणाले, "फौज कोनी बी ऱ्हावो, कडबा आमनाच जाये."

फौज कुणाचीही असो, कडबा आमचाच जायचा. सटाण्याकडची दोन मुलं वर्गात होती, त्यांच्या माना आपोआप हलल्या. बाकीच्यांनाही अर्थ सांगावा लागला नाही.

मग प्रश्न. पहिला हात सुभेदारांच्या मुलाचा. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका अशी तर महाराजांची ताकीद होती, मग कडबा कसा गेला, असं त्याने विचारलं. दाराशी सुभेदार ताठ झाले. साहेबांनी घाई केली नाही.

"ताकीद होती, बाळ," ते म्हणाले. "म्हणून तर ते मोठे. पण कुणीतरी हात लावत असल्याशिवाय राजा असा कागद लिहीत नाही. तो कागद आमच्यासाठीच लिहिला होता. आमच्यापर्यंत तो कधी पोचायचा, कधी नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की मग तुमच्या गावात लढाई कुणी जिंकली? साहेब म्हणाले, की कोण जिंकलं ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. तोवर गावाला एकच काळजी होती, की बियाण्याचे दाणे शिल्लक आहेत का.

तेव्हा सरांनी त्यांचा स्वतःचा नियम मोडला. स्टुलावरच्या माणसाला ते कधी मधे बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "साहेब," ते म्हणाले, "म्हणजे बाजू तीन होत्या. मी इतकी वर्षं दोनच शिकवतोय." त्यांचा चेहरा मनमाडला खिडकीतून पुस्तक हाती पडल्यावर होत असेल तसा झाला होता. स्वतःचा इतिहास पणाला लागलेला आहे हे ते साफ विसरले होते.

साहेब एकदम भानावर आले. उठले, कपडे झटकले, चष्मा लावला, मला नाव विचारलं आणि ते लिहून घेतलं. आणि निघून गेले. दाराशी बघितलं तर सुभेदारही नव्हते. मी नळावर जाऊन रडले. माझ्यामुळे सरांचा इतिहास गेला याबद्दल मला शंका नव्हती. सर मागून आले आणि म्हणाले, की तू नियम पाळलास, रडतेस कशाला? मी कबूल केलं होतं ते विद्यार्थ्यांपुरतं. साहेब काही सातवी बमध्ये नाहीत. पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

सोमवारी हेडसर शेऱ्याची वही घेऊन स्वतः वर्गात आले. त्यांनी ती सरांच्या हातात द्यायच्या ऐवजी मोठ्याने वाचली, त्या भित्र्या माणसाने. "इतिहास हा विषय सध्याच्या शिक्षकांकडेच ठेवावा. अध्यापन उत्तम. साहित्यात मात्र एक स्टूल कमी आहे. ते तातडीने पुरवावे."

आम्ही बाकं बडवली. दोन बाकं तिथेच मोडली, ती आधीच मोडायला आलेली होती. अ तुकडीचे शिक्षक दारात येऊन बघून गेले. सरांनी वही घेतली, तो शेरा मनाशी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा आम्हाला वाचून दाखवला, 'एक स्टूल कमी आहे' यावर जरा जास्तच जोर देऊन. दुसऱ्या दिवशी सबंध वर्गाला चिवडा मिळाला. मनमाडसाठी ठेवलेला होता, तो आम्ही खाल्ला.

शाळेच्या खर्चातून स्टूल यायला किमान सहा महिने लागले असते. ते आठ दिवसांत आलं. शेरा मुलाच्या तोंडून सुभेदारांपर्यंत पोचला होता, आणि ते स्वतः खांद्यावर स्टूल घेऊन आले, देवळालीच्या बसमधून. दारूगोळ्याच्या जुन्या पेट्यांचं लाकूड कॅम्पात मिळतं, त्याचं त्यांनी घरी बसून केलेलं होतं. खालच्या बाजूला अजून काळ्या रंगात लष्कराचे आकडे दिसत होते. चारही पाय सारखे होते. सरांनी खिशातून पुठ्ठा काढला, बघितलं आणि परत ठेवून दिला.

सुभेदारांनी ते पहिल्या स्टुलाशेजारी ठेवलं, वर दोनदा थापा मारल्या, आणि कारागीर मजबुती दाखवायला जे करतो तेच केलं. त्यावर दणकन बसले. "बघा," म्हणाले, "हलतंय का."

ह्या वेळी माझे पाय आपोआप उठले नाहीत. मी विचार करून उठले.

"सुभेदारकाका, सुरुवात 'आमच्या गावात'ने करायची."

सुभेदार दचकून सरांकडे बघायला लागले. "जन्मात बसणार नाही असं मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"ते त्या स्टुलावर," सर म्हणाले. "हे निराळं आहे. हे तुम्ही केलेलं आहे." आणि गुडघ्यावर हात टेकून उठून उभे राहिले.

सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा मुलगा दुसऱ्या बाकावर होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं, मग खिडकीच्या काचेवरच्या काळ्या कागदाकडे. आम्हाला सवय होती, आम्ही वाट बघितली.

"आमच्या गावात," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही तोफा पुढं नेल्या त्या गावात. माणसं सगळी आधीच निघून गेली होती. शाळा होती एक. मी दोन दिवस तिथं झोपलो. फळ्यावर धडा अर्धा लिहून सोडलेला होता. ती लिपी मला येत नाही, पण खाली रेघ मारलेली होती, तुमचे सर मारतात तशी. मी तो फळा पुसू दिला नाही कुणाला." त्यांनी मांडीवरची टोपी सारखी केली. "वर्ग सातवीचाच असणार. बाकांच्या उंचीवरून कळतं की."

सर भिंतीला टेकले होते. इतकी वर्षं ते सांगत होते ते एक माणूस डोळ्यांनी बघून आला होता, आणि तो त्यांच्यासमोर, त्यांच्या वर्गात बसला होता. मग त्यांनी अगदी हळू विचारलं,

"अ का ब?"

सुभेदारांनी आमच्या बाकांवरून नजर फिरवली. आणि मग मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"बच असणार, सर," ते म्हणाले. "निम्मी बाकं मोडकी होती."